पिशवी का काढली, हे केसपेपरवर लिहिलेलं नसतं

२०१९ च्या जूनमध्ये विधिमंडळात बीड जिल्ह्याचा एक आकडा सांगितला गेला. आधीच्या तीन वर्षांत जिल्ह्यातल्या खासगी दवाखान्यांत ४,६०५ बायकांची गर्भाशयं काढली गेली होती. त्यानंतर सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ऊसतोडीला जाणाऱ्या ८२,३०९ बायकांची पाहणी झाली आणि त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. साधारण सहा जणींत एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये हेच प्रमाण देशभरात शंभरात तीनच्या आसपास आहे. दोन्ही पाहण्यांतले वयोगट तंतोतंत जुळत नाहीत, त्यामुळे हे आकडे थेट एकमेकांशेजारी ठेवताना जपून राहायला हवं. पण नुसत्या वयाच्या फरकाने एवढी तफावत पडणार नाही.

तेव्हा तीन उत्तरं सगळीकडे ऐकू येत होती. पाळीमुळे काम बुडतं म्हणून बायका स्वतःच पिशवी काढून घेतात, हे पहिलं. डॉक्टर पैशासाठी काढतात, हे दुसरं. बायका अडाणी आहेत, त्यांना काही समजत नाही, हे तिसरं. पहिल्या दोन्हींत थोडं थोडं खरं आहे, तिसऱ्यात फारच कमी. आणि तिन्ही उत्तरं एकच गोष्ट करतात: एका माणसाला समोर उभं करून त्याच्याकडे बोट दाखवतात. हे ऑपरेशन होण्याआधी दहा-पंधरा वर्षं काय काय घडत आलेलं असतं, ते त्यात कुठेच येत नाही.

सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासात या ‘आधीच्या’ गोष्टींना सामाजिक निर्धारक म्हणतात. नाव जड आहे, अर्थ सरळ आहे. माणूस कुठे जन्मला, काय खातो, कुठे राहतो, काय काम करतो, त्या कामात त्याचं किती चालतं, यावर त्याची तब्येत ठरते. दवाखाना त्यानंतर येतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये यासाठी एक आयोग नेमला होता. त्याचे अध्यक्ष मायकल मार्मट यांचं नाव लंडनच्या सरकारी कचेऱ्यांतल्या नोकरांच्या एका प्रदीर्घ अभ्यासाशी जोडलेलं आहे. तो अभ्यास १९६७ मध्ये सुरू झाला. त्या नोकरांत उपाशी कुणी नव्हतं, सगळ्यांना पगार होता आणि सरकारी उपचार मोफत होते. तरीही सर्वांत खालच्या पायरीवरच्या माणसाला हृदयविकाराने मरण येण्याचा धोका वरच्या अधिकाऱ्यापेक्षा कितीतरी जास्त होता, आणि मधल्या प्रत्येक पायरीवर तो थोडा थोडा कमी होत गेला. सिगारेट, रक्तदाब वगैरे सगळं हिशोबात धरूनही फरक पुरता मिटला नाही. म्हणजे उपचार फुकट करून टाकले की आरोग्य समान होतं, असं नाही.

हे लंडनचं झालं. आता बालाघाटाच्या डोंगररांगेत येऊ.

कोयता, उचल आणि खाडा

बीडच्या धारूर, केज, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या भागांतली शेती पावसावर चालते आणि पाऊस भरवशाचा नाही. दसरा-दिवाळीच्या सुमाराला गावंच्या गावं रिकामी होतात. ट्रक-ट्रॅक्टर भरून माणसं कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, नगरकडे जातात, कर्नाटकातही जातात. परत येतात ती मार्च-एप्रिलमध्ये.

जाण्याआधी मुकादमाकडून, म्हणजे मजुरांची टोळी नेणाऱ्या कंत्राटदाराकडून, उचल घेतलेली असते. उचल म्हणजे कामाआधीच हातात आलेले पैसे, जे पुढे ऊस तोडून फेडायचे. ही उचल माणसाला मिळत नाही, कोयत्याला मिळते, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस अर्धा कोयता धरला जातो.

हिशोब करून पाहू. जानेवारी २०२४ च्या करारात तोडणीचा दर टनाला २७३ वरून ३६६ रुपये झाला. एक जोडी नेटाने राबली तर दिवसाला दोन टनांपर्यंत ऊस तोडते. त्याचे झाले ७३२ रुपये, दोघांचे मिळून. उचल एक लाखाची असेल, तर नुसत्या तोडणीवर ती फेडायला १३७ दिवस लागतात, तेही रोज पूर्ण दोन टन धरले आणि एकही दिवस सुट्टी घेतली नाही तर. हंगामच चार-पाच महिन्यांचा असतो. आजारी पडायला या हिशोबात जागाच नाही.

काम बुडालं की खाडा पडतो. खाड्याला दंड असतो. २०१९ मध्ये अनेक बायकांनी तो दिवसाला पाचशे रुपये असल्याचं सांगितलं होतं. आणि खाडा एकटीचा पडत नाही. नवरा तोडत जातो, ती पाचट काढते, मोळ्या बांधते, तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत नेते. ती बसली की कोयता थांबतो. पोटात दुखतंय म्हणून एक दिवस कोपीत, म्हणजे झोपडीत, पडून राहायचं, तर दोघांची मजुरी जाते आणि वर दंड. शहरातल्या कचेरीत काम करणारी बाई अशा दिवशी फोन करून रजा टाकते. दुखणं दोघींचं सारखंच, फरक आहे तो त्या दुखण्याला लागणाऱ्या किमतीत.

इथे कायदा कुठे आहे, असा प्रश्न पडेल. कारखाना करार करतो तो वाहतूकदाराशी किंवा मुकादमाशी. तोडणी करणारी बाई कागदोपत्री कारखान्याची कामगारच नसते. त्यामुळे कामगार विमा नाही, आजारपणाची रजा नाही, बाळंतपणाची रजा नाही. राज्यात दोनशेच्या आसपास साखर कारखाने आहेत. तिने तोडलेला ऊस त्यांच्या वजनकाट्यावर मोजला जातो, तिचं नाव मात्र त्यांच्या हजेरीपटावर नसतं. माझ्या मते या सगळ्या गोष्टीचा गाभा इथेच आहे. बाकीचे धागे यालाच बांधलेले आहेत.

लग्नाचा धागासुद्धा. पोरगी पंधरा-सोळाची झाली की आईबापापुढे दोनच वाटा असतात. तिला गावात म्हाताऱ्या आजीपाशी एकटी ठेवायचं किंवा फडावर, म्हणजे ऊसतोडीच्या शेतात, बरोबर न्यायचं. दोन्हीकडे तिच्या सुरक्षिततेची धास्ती. शिवाय लग्न झालं की नवा कोयता तयार होतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्या सुमारे २२ टक्के होत्या, बीडमध्ये ४० टक्क्यांहून जास्त.

दुखणं कुठून येतं

आता एक बाई समजू. तिचं लग्न सोळाव्या वर्षी झालं, विसाव्या-बाविसाव्या वर्षापर्यंत दोन-तीन मुलं झाली, मग कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन. हंगामाचे सगळे महिने ती शेताच्या कडेला ताडपत्री नि पाचटाच्या कोपीत राहते. संडास नाही, न्हाणी नाही. पाणी कालव्याचं नाहीतर विहिरीचं, तेही लांबून आणायचं. पहाटे तीन-चारला उठून स्वयंपाक, मग फड, रात्री गाडी आली तर गाडी भरायची.

पाळीच्या दिवसांत कापड बदलायला फडात आडोसा नसतो. धुतलेलं कापड उन्हात वाळत घालायची लाज, म्हणून ते दमटच राहतं. लघवीला जायला नको म्हणून पाणी कमी प्यायचं, की मूत्रमार्गाला संसर्ग. बाळंतपणानंतर अंग भरून यायच्या आधी डोक्यावर मोळी, की अंग बाहेर यायची भीती. रक्त कमी, जेवण सगळ्यांच्या नंतर. यातून अंगावर पांढरं जाणं, ओटीपोटात दुखणं, कंबर धरणं, पाळीत जास्त जाणं, ही दुखणी सुरू होतात. यातलं बहुतेक काही जीवघेणं नसतं. वेळेवर तपासलं तर बऱ्याच संसर्गांवर आठवड्याभराच्या गोळ्या पुरतात. काहींत नवऱ्यालाही त्याच गोळ्या द्याव्या लागतात, नाहीतर संसर्ग फिरून येतो.

पण वेळेवर तपासणं होत नाही. का होत नाही, हे समजून घ्यायला तीन उशिरांची मांडणी उपयोगी पडते. सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन या संशोधकांनी ती १९९४ मध्ये बाळंतपणातल्या मृत्यूंसाठी मांडली, पण ती जवळजवळ कुठल्याही आजाराला लावून पाहता येते. पहिला उशीर दवाखान्यात जायचं ठरवण्यात, दुसरा तिथे पोहोचण्यात, तिसरा पोहोचल्यावर योग्य उपचार मिळण्यात.

पहिल्या उशिरात लाज आहे, आणि ‘बाईच्या जातीला हे चालायचंच’ हे लहानपणापासून ऐकलेलं वाक्य आहे. आईलाही असंच जात होतं, सासूलाही जातं, मग यात दाखवायचं काय? ठरवायचं तिने एकटीने नसतंच. नवरा, सासू, कधी मुकादमसुद्धा त्यात असतो. आणि खाड्याचा हिशोब तर सतत डोक्यात चालू असतोच.

दुसरा उशीर अंतराचा वाटतो, पण नुसत्या किलोमीटरचा नाही. आपली सरकारी आरोग्यसेवा पत्त्यावर चालते. आशाताईची यादी गावाची असते, नर्सबाईंची उपकेंद्राची, अंगणवाडीची तिच्या वस्तीची. ही बाई ज्या गावच्या यादीत आहे, तिथे ती निम्मं वर्ष नसते. जिथे असते, तिथल्या यादीत तिचं नाव नसतं. कुणी तिला मुद्दाम वगळलेलं नाही. माणूस एका जागी राहतो, असं धरून यंत्रणा आखली गेली आणि ही बाई त्या आखणीत बसत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्राची तपासणीची मुख्य वेळ सकाळची असते. तेव्हा ती फडात असते. संध्याकाळी उघडा असतो तो खासगी दवाखाना. तिथे सलाईन आणि इंजेक्शन मिळतं, दोन दिवस बरं वाटतं, ती पुन्हा कामाला लागते.

तपासणीच्या खोलीत

अशी चार-पाच वर्षं गेली की गावी परतल्यावर उन्हाळ्या-पावसाळ्यात ती शहरातल्या मोठ्या दवाखान्यात येते. तिसरा उशीर इथे येतो. सोनोग्राफी होते. पिशवीला सूज आहे, गाठ आहे, असं सांगितलं जातं आणि मग एक वाक्य येतं: काढून टाका, उद्या कॅन्सर झाला म्हणजे?

कॅन्सर हा शब्द ऐकल्यावर दोन लहान मुलांची आई काय करेल? ती कर्ज काढेल. कुणीही तेच करेल.

गर्भाशयातल्या साध्या फायब्रॉइडच्या गाठी क्वचितच कॅन्सरच्या होतात, आणि अंगावर पांढरं जाणं हे स्वतःहून पिशवी काढण्याचं कारण नाही. गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरची शंका असेल तर त्यासाठी तपासण्या आहेत. पातळ ॲसिटिक ॲसिड लावून काही मिनिटांत डोळ्यांनी पाहण्याची तपासणी आहे आणि हा कॅन्सर ज्याच्यामुळे होतो त्या एचपीव्ही विषाणूची तपासणी आहे. या बाबतीत मराठवाड्याकडे अभिमानाची एक गोष्ट आहे, आणि म्हणूनच तिचं जास्त वाईट वाटतं. बीडला लागून असलेल्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात, बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयाच्या आणि टाटा मेमोरियलच्या सहभागाने जगातला एक फार महत्त्वाचा अभ्यास झाला. ३० ते ५९ वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार ग्रामीण बायका त्यात होत्या. २००९ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. एचपीव्हीची तपासणी आयुष्यात एकदा जरी झाली, तरी गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात. आज जगभर या तपासणीचा आग्रह धरला जातो, त्यामागे या बायकांनी दिलेला पुरावा आहे. आणि तिथून शंभरेक किलोमीटरवर, त्यांच्यासारख्याच बायकांची कॅन्सरची भीती तपासणीने घालवण्याऐवजी पिशवी काढून घालवली जात होती.

डॉक्टरांबद्दल सरसकट बोलणं मला पटत नाही. गरज नसताना सुरी चालवणारे होते आणि त्यांना माफी नसावी. पण असेही आहेत की ज्यांच्यासमोर बाई स्वतः म्हणते, ‘काढूनच टाका डॉक्टर, दर वेळी यायला जमत नाही.’ तिचं म्हणणं खरंच असतं. गोळ्या घेऊन आठ दिवसांनी परत दाखवायचं, पुन्हा तपासायचं, असा उपचार गावात स्थिर राहणाऱ्या बाईसाठी आहे. जिला एकदाच यायला मिळणार, तिला एकदाच संपणारा उपचार हवासा वाटतो. सही तिची असते, पण ज्या दोन-चार पर्यायांतून तिने निवड केली ते आधीच कुणी तरी छाटून ठेवलेले असतात.

पुढचा खर्च वीस-तीस हजारांच्या घरात जातो. तो पुष्कळदा मुकादमाकडूनच येतो आणि पुढच्या हंगामाच्या उचलीत धरला जातो. या ऑपरेशननंतर सहा ते आठ आठवडे जड उचलायचं नसतं. दसऱ्याला ट्रक निघतो. कामाने आलेल्या दुखण्याच्या उपचारासाठी काढलेलं कर्ज फेडायला ती पुन्हा त्याच कामाला जाते.

हे फक्त उसापुरतं नाही. राजस्थान, बिहार, छत्तीसगडमध्येही गरज नसताना गर्भाशयं काढल्याच्या तक्रारी झाल्या आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. एप्रिल २०२३ मध्ये न्यायालयाने सगळ्या राज्यांना केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं तीन महिन्यांत लागू करायला सांगितलं. तिथे कारण ऊसतोडीचं नव्हतं. गरीब कुटुंबांना मिळालेलं सरकारी विम्याचं कार्ड होतं, त्यावर ऑपरेशनचे पैसे मिळत होते. साध्या तपासणीचे आणि गोळ्यांचे मिळत नव्हते. पैसा ज्या उपचाराला मिळतो, तोच उपचार वाढतो.

मग स्वतःचं काहीच नसतं का?

असतं. एकाच टोळीतल्या दोन बायकांच्या तब्येतीत फरक पडतो. एकीचा नवरा दारू पीत नाही आणि दवाखान्यात बरोबर येतो. एकीला वाचता येतं, ती रिपोर्ट घेऊन आणखी कुणाला तरी विचारते. एकीची बहीण नर्स आहे. एकीने स्वतःच हिय्या करून सासूला सांगितलं. शिक्षण, सवयी, घरातलं नातं, धीर, ओळख, हे वैयक्तिक घटक खरे आहेत आणि त्यांनी जीवही वाचतात. पण नीट पाहिलं तर यातलंही बरंचसं मिळालेलं असतं. वाचता येणं हे ती लहान असताना आईबापाने तिला फडावर नेलं की शाळेत ठेवलं, यावर ठरलं. म्हणून ‘जागृती करा’ एवढं म्हणून थांबणं मला अपुरं वाटतं. सगळं माहीत असलेली बाईसुद्धा खाड्याच्या दंडापुढे अडते.

२०१९ नंतर बीडमध्ये खासगी दवाखान्याला हे ऑपरेशन करण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी लागते. हे चांगलं झालं. पण हा नियम साखळीच्या शेवटच्या कडीवर बसतो. परवानगी नाकारली तरी बाईचं दुखणं राहतंच, आणि त्याचं काय करायचं हे त्या नियमात नाही. हंगामाला निघण्याआधी आणि परतल्यावर आरोग्य तपासणी करायची, हेही ठरलं. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ स्थापन झालं. त्यासाठी कारखान्यांनी टनामागे दहा रुपये द्यायचे आणि तेवढेच सरकारने घालायचे, अशी रचना आहे. या पैशातून काय व्हायला हवं, हे वरची साखळी मागे मागे पाहत गेलं की दिसतं. फडाशेजारी पाणी, न्हाणी आणि संडास. संध्याकाळी फडावर येणारा फिरता दवाखाना, ज्यात बाईडॉक्टर किंवा निदान नर्स असेल. बाईबरोबर कोल्हापूरला जाईल आणि परत येईल असं तिच्या आजाराचं कार्ड. आणि आजारपणाचे ठरावीक दिवस, ज्यांना खाडा लागणार नाही. शेवटचं सर्वांत कमी खर्चाचं आहे आणि मला वाटतं सर्वांत जास्त परिणाम त्याचाच होईल. पण त्यासाठी बाई कुणाची कामगार आहे, याचं उत्तर आधी कागदावर द्यावं लागतं.

तोपर्यंत कुणाच्या घरात, ओळखीत, कामाला येणाऱ्या मावशींपैकी कुणाला पिशवी काढायचा सल्ला मिळाला असेल, तर तीन गोष्टी विचारायला लावा. नेमका आजार काय आहे, तो कागदावर लिहून द्या. गोळ्यांनी किंवा दुसऱ्या उपचाराने भागेल का? अंडाशय ठेवणार की काढणार? आणि जिल्हा रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयात एकदा दुसरं मत घ्या. अतिरक्तस्राव होत असेल किंवा कॅन्सर असेल, तर घाई असते. बाकी बहुतेक वेळा आठ-पंधरा दिवस थांबायला हरकत नसते.

ज्यांची पिशवी आधीच काढली गेली आहे, त्यांच्याबद्दल फार कमी बोललं जातं. ऑपरेशनमध्ये दोन्ही अंडाशयंही काढली असतील, तर शरीरातले हार्मोन एकदम कमी होतात आणि तिशीतल्या बाईला रजोनिवृत्ती येते ती शरीर तयार नसताना. अंगातून वाफा, झोप उडणं, सांधे धरणं हे लगेच सुरू होतं. हाडं ठिसूळ होणं आणि हृदयाचा धोका हळूहळू वाढतो. अशा बाईला दुसरी अडचण नसेल तर पाळी जाण्याच्या नेहमीच्या वयापर्यंत हार्मोनच्या गोळ्या देता येतात. कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, रक्तदाब आणि हाडांची तपासणी, हेही लागतं. यासाठी पहिली गरज ऑपरेशनचा कागद शोधून त्यात अंडाशयांबद्दल काय लिहिलंय ते वाचून घेण्याची. अनेकींना ते कुणी सांगितलेलंच नाही. डिस्चार्ज कार्ड हरवलं असेल तर त्या दवाखान्यात जाऊन नोंदीची प्रत मागता येते. तो रुग्णाचा हक्क आहे. तीही मिळाली नाही, तर सरकारी रुग्णालयात सोनोग्राफीने आणि रक्ततपासणीने बराच अंदाज घेता येतो.